कडता

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यादिवशी,
तायाप्पा हमालानं मला काट्यावर चढवलं.
पोतं उतरलं होतं, जागा मोकळी होती, एवढंच कारण.
"एकशे सहा!" तो ओरडला, "बारदान धरून."
सगळे हसले. मीही.
पोट शर्टाच्या आत वेगळं हसलं,
माझ्यामागनं, जरा उशिरा.

बावीस वर्षं गाडी वजनकाट्यावर घातली,
एकदा भरलेली, एकदा रिकामी,
पावती डॅशबोर्डावर, शिक्का बघून.
काटेवाला म्हणायचा, ड्रायव्हर खाली उतरा,
तुमचं वजन मालात धरायचं नाही.
तसं ते कुठंच धरलं गेलं नाही.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटा केला,
कोऱ्या बाजूला एक नळी काढली,
आत रेघा मारमारून ती बुजवली
आणि म्हणाल्या, हा तुमचा खंबाटकी,
आणि ही रविवार रात्रीची रांग.
दुसऱ्या कुठल्या भाषेत मला कळलं नसतं.

काशीळच्या पुढं इलाहीचा ढाबा.
गाडी वळायच्या आधी, नुसता इंडिकेटर बघून
तो मटण तव्यावर टाकायचा.
तर्री काठापर्यंत, चरबीचा तुकडा राखून ठेवलेला,
नळी वेगळ्या वाटीत.
रात्री दोनला, घरापासनं एवढ्या लांब,
कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायला
दुसरं काय होतं?
हे डॉक्टरीणबाईंना सांगायचं राहिलं.

पहिल्यांदा "अख्खा मसूर दे" म्हणालो
ते उधारी मागावी तसं, खाली बघत.
"उपास?"
"नाही."
"मग कोण गेलं?"
इलाहीनं खांद्यावरचं फडकं हातात घेतलं होतं.
कुणी नाही रे, म्हटलं, जायचं थांबवतोय एकाचं.

माझा क्लीनर भरमू, चौगुल्याचा,
दिवस बुडायच्या आत डबा संपवणारा,
सात वर्षं माझ्या ताटाकडं पाठ करून बसलेला.
त्या रात्री त्यानं बाज फिरवली.
बोलला काहीच नाही.
मसूर, भाकरी, कांदा फोडल्याचा आवाज,
आणि समोर एक माणूस.

सुटलं म्हणून सांगत नाही.
आनेवाडीच्या नाक्यापाशी एकदा, भरमूचा डोळा लागल्यावर,
केबिनचा दिवा बंद करून अख्खी कोंबडी खाल्ली.
हाडं काचेतनं अंधारात फेकली.
सकाळी भरमूनं स्टिअरिंग पुसलं,
गिअरचा दांडा पुसला,
मग फडकं हुंगलं, आणि परत धुऊन आणलं.
एवढा मार मला बापानंसुद्धा दिला नव्हता.

आता हिराक्का डबा बांधते.
जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी,
कृष्णाकाठचं वांगं, तेल बोटाएवढं.
नाष्ट्याच्या वड्याऐवजी खिशात फुटाणे,
उंब्रजपर्यंत पुरतात, जपून खाल्ले तर कराडच्या पुलापर्यंत
येतानासुद्धा.
मटण रविवारी, घरी असलो तर.
चार फोडी. मोजायला ती स्वतः बसते
आणि रस्सा वाढताना तिचाच हात मोजायचं विसरतो.

इलाही अजून इंडिकेटर बघतो.
मसुराला लसणाची फोडणी देतो, तर्री वरची वर काढून.
नळीची वाटी मात्र आणतोच.
तिच्यात आता लिंबाची फोड असते.
पहिल्या दिवशी ती वाटी बघून मला भरून आलं,
तिखटाचं निमित्त केलं.

परवा तायाप्पानं परत काट्यावर उभं केलं.
"सत्त्याण्णव!"
मग काटा ठोकून बघितला, मला खाली उतरवलं, परत चढवलं.
"नऊ किलो कडता? कुठल्या व्यापाऱ्यानं कापला रं तुझा?"

यार्डात हळद उडत होती.
मी गाडीवर चढलो, पट्टा एक भोक आत ओढला,
ते भोक मी खिळ्यानं पाडलेलं, वाकडं झालंय.
भरमूनं मागचं फळकं लावलं आणि दोनदा थापटलं.